खालच्या टेबलावरचे सरकार

सरकार म्हटले की मराठी वाचकाच्या मनात दोनच चित्रे उभी राहतात. एक मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याचे, दुसरे तहसील कचेरीतल्या बंद खिडकीचे. पहिल्याविषयी वर्तमानपत्रे रोज लिहितात, दुसऱ्याविषयी आपण सगळेच रोज बोलतो. पण सरकारी माणूस सकाळी दप्तर उघडल्यापासून संध्याकाळी ते बंद करेपर्यंत नेमके काय करतो, यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. तलाठी फेरफार धरतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, भूकरमापक हद्द दाखवतो, कृषी सहायक नुकसानीचे क्षेत्र पाहतो, आरोग्य सेविका लसीकरणाच्या नोंदी ठेवते, कालवा निरीक्षक पाण्याच्या पाळ्या सांभाळतो, शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात मुरमाचे घनमीटर लिहितो. खाती वेगळी, साहेब वेगळे, नमुने वेगळे. तरी या सगळ्यांच्या कामाचा गाभा एकच आहे. जमिनीवर जे घडले ते पाहायचे आणि सरकारला मान्य होईल अशा रकान्यात उतरवायचे. हा संग्रह त्या कामाविषयी आहे, आणि त्याच्या आरंभी एक मुद्दा मांडून ठेवायला हवा. विधिमंडळात झालेला कायदा गावात पोचतो तो या रकान्यांतून, आणि रकाना भरताना खालच्या माणसाला स्वतःची अक्कल चालवावीच लागते. त्याचा हा निर्णयाचा अधिकार कितीही नियम केले तरी संपत नाही. तो उजेडात आणता येतो आणि त्यावर नजर ठेवता येते, एवढेच.

वारस नोंदीचे उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाला ती कधी ना कधी करावीच लागते. खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे घेऊन अर्ज येतो, तलाठी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत त्याची नोंद करतो, स्थानिक चौकशी करतो, मग नमुना ६ मध्ये फेरफार धरतो. त्याची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे, हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत घालायचे, नाही आली तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची आणि त्यानंतर ती सात-बारावर चढायची. कागदावर हे सरळ दिसते. आता अर्जात दोन मुलगेच लिहिले असतील आणि दोन बहिणी लग्न होऊन परगावी गेल्या असतील, तर? महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, केंद्राने २००५ साली तो देशभर दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यातली उरलीसुरली संदिग्धता दूर केली. पण या सगळ्या कायद्याला पहिली खरी परीक्षा द्यावी लागते ती चौकशीच्या वेळी तलाठ्याने विचारलेल्या एका प्रश्नापुढे : मुली किती? तो विचारला नाही, किंवा विचारून उत्तर सोयीचे लिहून घेतले, तर बहिणींचा हिस्सा निदान दप्तरापुरता नाहीसा होतो. आणि दप्तराला वजन आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. सात-बारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण बँक, खरेदीदार आणि भाऊबंद यांच्यासाठी व्यवहारात तोच पुरावा असतो. नाव गळलेल्या बहिणीला मग आपला हिस्सा सिद्ध करत प्रांताकडे किंवा दिवाणी कोर्टात जावे लागते. उलट, प्रश्न नीट विचारणारा तलाठी गावाचा रोषही ओढवून घेतो, कारण भावांना हक्कसोडपत्र आधीच हवे असते. दोन्हीपैकी काहीही झाले तरी मंत्रालयात त्याची दखल नसते.

या कामाला मोठा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याखेरीज आजचे दप्तर उलगडत नाही. मलिक अंबरची जमीनधाऱ्याची व्यवस्था, शिवकाळात अण्णाजी दत्तोंकडे सोपवलेली पाहणी, पेशवाईतला वतनी पाटील आणि कुलकर्णी, त्यांच्यावरचे देशमुख-देशपांडे : गावाचा हिशेब कोणीतरी लिहीत होतेच, आणि लिहिण्याचा हक्क वंशपरंपरेने चालत होता. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात नवी पाहणी सुरू केली. तो हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेला. लागवडीचा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा, हे त्याचे सूत्र तर्कदृष्ट्या देखणे होते. पण निव्वळ उत्पन्नाचे आकडे शेतावर जाऊन गोळा करायचे होते ते हाताखालच्या माणसांनी, आणि ते आकडे चुकीचे व अनेक ठिकाणी लाच घेऊन लिहिलेले निघाले. धारा लोकांना पेलला नाही, जमिनी पडीक पडू लागल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात काम नव्याने उभे केले. त्यांनी उत्पन्नाचे गणित बाजूला ठेवले, मातीची खोली आणि पोत पाहून प्रतवारी लावली, शेताच्या हद्दीला दगड उभे केले, सोळा आण्यांत विभागलेल्या तेहेतीस फुटी साखळीने मोजणी केली आणि आकार तीस वर्षांसाठी ठरवून टाकला. १८४७च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाख्याची रयतवारी तिच्यावर उभी राहिली. तिच्याही चुका होत्या. १८७५ साली सुप्याला सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांची चौकशी झाली तेव्हा धाऱ्याच्या ओझ्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला. पण प्रिंगल आणि विंगेट यांच्यातला फरक धोरणाच्या हेतूत फारसा नव्हता. शेतावर उभा असलेला कारकून काय पाहू शकेल आणि काय पाहू शकणार नाही, हे एकाने गृहीत धरले नाही आणि दुसऱ्याने धरले. धोरण वर ठरते, खालचे लोक फक्त हुकूम बजावतात, असे मानणाऱ्यांनी इंदापूरचा हा अध्याय एकदा तरी वाचावा.

लिहिणारा कोण, हा या इतिहासातला दुसरा आणि अधिक बोचरा प्रश्न. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तो थेट मांडला. सरकारी खात्यांतली कामगार मंडळी एकाच जातीची असली की निरक्षर शेतकऱ्याच्या बाबतीत काय होते, हे त्यांनी कचेरी, कोर्ट, पाटबंधारे अशा एकेका खात्याकडे बोट दाखवून लिहिले. हे पुस्तक आपण सामाजिक क्रांतीचे म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण मराठीत सरकारी कामकाजाचा, तोही खालच्या पायरीच्या बाजूने, इतका तपशीलवार पंचनामा त्याआधी कोणी केल्याचे दिसत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. ही दोन पावले एकाच विचाराची आहेत, तरी आपल्याकडे पहिल्याचाच गौरव होतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले तेव्हा प्रश्न महार वतनदाराचा होता. तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात रात्री-अपरात्री कोणत्याही अधिकाऱ्याचे कोणतेही काम करायला बांधलेला हा माणूस सरकारी यंत्रणेची शेवटची पायरी होता, आणि त्याला नोकरही मानले जात नव्हते. स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८च्या कायद्याने आणि महसुली पाटलांची १९६२च्या कायद्याने गेली. वतन जाऊन नोकरी आली, नोकरीबरोबर परीक्षा आली, परीक्षेबरोबर राखीव जागा आल्या. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून काही जास्त जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. बेकारीचा पुरावा म्हणून या आकड्याकडे बघणे बरोबरच आहे. पण ज्या वहीने आपल्या आजोबांना नाडले ती वही आपल्या हाती यावी, ही आकांक्षाही त्यात आहे, हे विसरू नये.

दरम्यान कामच बदलले. धारा वसूल करणे हे तलाठ्याचे मूळ काम. आज शेतसाऱ्याची रक्कम इतकी किरकोळ आहे की वसुलीपेक्षा पावतीपुस्तकच महाग पडावे. त्याच्या जागी दाखले, अनुदाने, याद्या आणि पंचनामे आले. १९६२च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन यांची गावपातळीवरची बरीच यंत्रणा त्यांच्याकडे गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले आणि हजेरीपट, मोजमाप पुस्तक ही दोन साधने गरिबाच्या मजुरीशी कायमची जोडली गेली : खड्डा किती खणला हे अभियंत्याने लिहिल्याशिवाय मजुरी निघत नाही. १९७५ पासून अंगणवाडी आली, २००५ नंतर आशा आली. या दोघी घरोघर जाऊन वजने, गरोदरपणे, ताप, लशी यांची माहिती गोळा करतात. राज्याच्या आरोग्याचे आकडे त्यांच्या वह्यांवर उभे आहेत आणि तरीही त्यांना पगार नाही, मानधन आहे. अंगणवाडी सेविकांना उपदान कायदा लागू होतो हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले. सरकारी नोकर कोणाला म्हणायचे याची आपली व्याख्या किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. या संग्रहात ती मुद्दाम रुंद ठेवली आहे.

अभ्यासकांनी या विषयाकडे कसे पाहिले तेही थोडक्यात सांगायला हवे. सर्वांत जुनी परंपरा अधिकाऱ्यांची : एल्फिन्स्टनचा १८१९चा अहवाल, कॅम्बेलच्या देखरेखीखाली निघालेली गॅझेटियरे, नंतरची महसुली हिशेबाची मॅन्युअले. यांत माहिती अफाट आहे, पण ती वरून खाली पाहणाऱ्याची आहे. दुसरी परंपरा समाजशास्त्राची. मॅक्स वेबरने नियम, श्रेणी आणि लेखी कागद यांवर चालणारी नोकरशाही हे आधुनिकतेचे लक्षण ठरवले आणि पुढची दोन पिढ्यांची चर्चा त्या आदर्शापासून आपण किती ढळलो हे मोजण्यात गेली. १९८० साली मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकाने ती दिशा बदलली. शिक्षक, पोलीस शिपाई, कल्याण खात्यातले कारकून हे अपुरा वेळ आणि अपुरी साधने असताना जे तडजोडीचे निर्णय घेतात, तेच लोकांच्या वाट्याला येणारे धोरण असते, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडच्या अनुभवाला ते चपखल बसते, एका महत्त्वाच्या फरकासह : त्याच्या शहरात कारकून आणि अर्जदार एकमेकांना अनोळखी असतात, आपल्याकडे तलाठ्याच्या सजात ते एकमेकांची जात, भावकी आणि पक्ष ओळखून असतात. अखिल गुप्ता यांनी २०१२च्या पुस्तकात उत्तर भारतातल्या ग्रामीण कचेऱ्यांचा अभ्यास करून दाखवले की गरिबाचे नुकसान दुष्टपणातूनच होते असे नाही. सद्हेतूने चालवलेल्या योजनांच्या मनमानी परिणामांतूनही ते होते. मराठीपुरते बोलायचे तर त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५चा ‘गाव-गाडा’ आणि विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी यांना वगळून पुढे जाता येत नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची फाइल माणसे कशी गिळते हे ‘झाडाझडती’ने जितके दाखवले तितके कोणत्याही समितीच्या अहवालाने दाखवले नसेल. उरलेले मराठी लेखन बहुतांश मोठ्या साहेबांच्या आठवणींचे आहे. त्यांत वाचनीय पुस्तके आहेत, पण त्यांतला कारकून बहुधा विनोदापुरता येतो आणि कोतवाल चहा आणण्यापुरता.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप कोणीही घेईल : ज्या खात्यांत पैसे दिल्याशिवाय कागद हलत नाही, त्यांच्या रोजच्या कामाचे कौतुक कशाला? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस ही खाती वर्षानुवर्षे आघाडीवर असतात. ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही आणि या संग्रहाने ती झाकलेली नाही. मात्र लाच कुठे मागितली जाते ते पाहावे. जिथे पुढची पायरी कोणती, ती किती दिवसांत व्हायला हवी आणि नकार द्यायचा तर कोणत्या कारणाने, हे अर्जदाराला ठाऊक नसते, तिथे दर ठरतो आणि दलाल उभा राहतो. बिनहरकत फेरफार पंधरा दिवसांच्या मुदतीनंतर अडवून ठेवायला कारण उरत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याच्याशी बोलताना कचेरीचा सूर वेगळा असतो. महाराष्ट्राने कायदे कमी केलेले नाहीत. माहितीचा अधिकार केंद्राच्या आधी, २००२ सालीच दिला. २००५ साली बदल्यांचे नियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा कायदा केला, ज्यात सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये असे लिहिले आहे. २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा केला आणि सेवांच्या मुदतीचे फलक कचेऱ्यांत लागले. फलकांनी फारसा फरक पडला नाही, असे माझे मत आहे. कारण ते फक्त शेवटची तारीख सांगतात. मधले काम कोण करतो आणि कसे, ते सांगत नाहीत. कामाचे वर्णन म्हणजे कौतुक नव्हे. ते हिशेब मागण्याची पहिली तयारी आहे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. संगणक आला, सात-बारा घरबसल्या डिजिटल स्वाक्षरीने मिळतो, ई-फेरफार झाला, ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर पीक पाहणी नोंदवू लागला. तेव्हा हा मधला माणूस आता इतिहासजमा झाला, असे म्हणतात. या बदलांनी लोकांच्या खेपा वाचल्या, हे मान्य करायलाच हवे. पण हस्तलिखित सात-बारा संगणकावर घेताना झालेल्या चुका दुरुस्त करायला कलम १५५ खाली तहसीलदारांचे आदेश काढावे लागले, गावोगाव चावडी वाचने घ्यावी लागली, आणि कोणती चूक हस्तदोषाची व कोणती हक्काला हात घालणारी हे ठरवायला माणूसच बसला. अतिवृष्टीचा पंचनामा पाहा. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर मदत. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी. ढगफुटी होते दहा किलोमीटरवरच्या वाडीत. चिखलात उभे राहून तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी सोयाबीनच्या आडव्या पडलेल्या रानाकडे बघून ३० टक्के लिहायचे की ३५, हे ठरवायचे असते. तीसला मदत शून्य. छायाचित्राला अक्षांश-रेखांश जोडता येतात, टक्का जोडता येत नाही. यंत्राने हा निर्णय काढून घेतलेला नाही. तो फक्त मोबाइलच्या पडद्यामागे, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी दिसणाऱ्या जागी, नेऊन ठेवला आहे.

हा विषय आज निकडीचा का, याचे उत्तर २०२३च्या अखेरीस महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. मराठा-कुणबी दाखल्यांच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली अभिलेख कक्षांची कुलुपे उघडली. मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारी कोतवाल बुके, शाळांचे निर्गम उतारे, जुने हक्कनोंदीचे कागद यांवर लाखो माणसांच्या दाखल्यांचा प्रश्न येऊन ठेपला. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू कोणती, हा या पुस्तकाचा विषय नाही. पण शंभर वर्षांपूर्वी कुणा अनाम कारकुनाने जातीच्या रकान्यात काय लिहिले यावर आज एखाद्या तरुणाचा प्रवेश अवलंबून असतो, तेव्हा ‘कारकुनी काम’ हा शब्द तुच्छतेने उच्चारण्यापूर्वी थांबायला हवे. तो कागद टिकला तो सहा गठ्ठा पद्धतीसारख्या कंटाळवाण्या शिस्तीमुळे : कोणता कागद प्रलंबित, कोणता प्रतीक्षाधीन, कोणता अभिलेख कक्षात जायचा, कोणता ‘ड’ वर्गातला म्हणून नष्ट करायचा, हे कोणीतरी दर महिन्याला वेगळे काढत होते. ही शिस्त आता ढासळते आहे. एका तलाठ्याकडे दोन-दोन सजांचा कार्यभार आहे, लिपिकांच्या जागा कंत्राटी भरल्या जात आहेत, निवडणूक आली की अर्धी कचेरी मतदार यादीच्या कामावर जाते. २०२४ साली तलाठ्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले. नावाने मान वाढली असेल, सजा लहान झाला नाही.

या संग्रहाने काय करायचे ठरवले ते आता सांगता येईल. खात्यांची रचना समजावून देणारी पाठ्यपुस्तके स्पर्धा परीक्षांच्या बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालायची नव्हती. इथे प्रत्येक लेख एका कामाला धरून आहे आणि ते काम करणाऱ्याच्या दिवसाबरोबर चालतो : मोजणी, पाण्याची पाळी, पीक कापणी प्रयोग, लसीकरणाचा दिवस, ग्रामसभेचे इतिवृत्त. लेखकांना दोन अटी होत्या. काम कसे व्हायला हवे याआधी ते कसे होते ते लिहावे, आणि कचेरीत जे शब्द चालतात तेच वापरावेत. म्हणून बारनिशी, पृष्ठांकन, शेरा हे शब्द जसेच्या तसे आढळतील. सगळे लेख सारख्या तोलाचे नाहीत. महसूल आणि आरोग्य यांवरचे भरघोस उतरले आहेत, वन खात्यावरचा त्रोटक आहे, पोलीस ठाणे आणि न्यायालयातले शिरस्तेदार यांच्यापर्यंत पोचताच आले नाही. शहरांचीही उणीव आहे. महापालिकेचा मुकादम आणि सफाई कामगार यांच्यासाठी वेगळे पुस्तकच लागेल. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की या पानांत कोतवाल, शिपाई, आशा यांच्याविषयी लिहिलेले आहे, त्यांनी लिहिलेले जवळजवळ काहीच नाही. निवृत्त झालेल्या आणि नोकरीत असलेल्या अशा वाचकांना म्हणून विनंती आहे : आपण काय काम केले, कोणत्या रकान्यात काय लिहिले आणि काय लिहायचे टाळले, हे साध्या शब्दांत लिहून प्रकाशकांकडे पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.